सगळ्यांना ‘छान’

२८ ऑगस्ट

आज दवाखान्यातला शेवटचा दिवस. डॉक्टर म्हणाले, “कॉम्प्युटरवाली झालीस तरी कान दाखवायला इथेच ये,” आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. इतकी वर्षं लोकांचे कान तपासले, कानाची मशीनं बसवली, आणि निघताना पिशवीत भरायला निघालं काय, तर चहाचा कप, एक स्वेटर आणि माझी रिंग.

रिंग म्हणजे भरतकामाचीच लाकडी रिंग. मला काम शिकवणाऱ्या बाईंनी तिच्यावर पातळ काळं कापड ताणून दिलं होतं. ती तोंडासमोर धरून बोललं की आवाज पलीकडे जातो, पण ओठ दिसत नाहीत. बाई म्हणायच्या, “पेशंटला कधी विचारू नकोस, ऐकू येतंय का म्हणून. माणूस हो म्हणतो. रिंग धर, शब्द म्हण, परत म्हणायला लाव. जेवढं परत म्हटलं तेवढंच ऐकू आलं, बाकी सगळी भीड.”

माझ्या जागी आलेल्या मुलीला मी रिंग देऊ केली, तर म्हणाली, “ताई, आता सगळं सॉफ्टवेअरमध्येच असतं ना.” खरंच आहे. गेली दोन-तीन वर्षं मशीन जुळवायचं काम कंपनीचा प्रोग्रामच करतो, मी फक्त बटण दाबते. म्हणून तर निघाले. जन्मभर दुसऱ्याचं बटण दाबण्यापेक्षा बटण बनवणाऱ्यांत जाऊन बसावं. चाळिशीला टेकले आहे. आता नाही तर कधीच नाही.

४ सप्टेंबर

बाबांनी रिंग दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली. “मस्त बसते गं. माशीही जात नाही, वाफही कोंडत नाही.” मी हात जोडले.

आता घरात आम्ही तिघं. बाबा, मी आणि लेक, जिला आम्ही सगळे पोपट म्हणतो, कारण झोपेतसुद्धा तिची बडबड थांबत नाही. नवरा नोकरीच्या गावी, महिन्याकाठी एकदा येतो. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच आहेत आणि खरं सांगायचं तर मीच त्यांच्या जिवावर आहे. पोपटाची शाळा, भाजी, दूध, सगळं त्यांच्याकडे.

बाबांचा डावा कान केव्हाच गेला. उजवा मशीन लावून अजून कामाचा आहे आणि तो मी तळहाताच्या फोडासारखा जपते. नोकरी सोडायच्या आधी दवाखान्यात नेऊन मीच शेवटचा तपासला. बाहेरचा आवाज न येणाऱ्या काचेच्या बूथमध्ये बसवलं, रिंग धरून शब्द म्हटले, बहुतेक सगळे त्यांनी बरोबर परत म्हटले. एकदोन चुकले तेव्हा अपराधी चेहरा करून म्हणाले, “तुझ्या डॉक्टरांना सांगू नकोस हं.”

१७ सप्टेंबर

कोर्स सुरू झाला. दुसऱ्या विषयांचे पदवीधर घ्यायचे आणि वर्षभरात त्यांना कॉम्प्युटर सायन्सवाले करून बाहेर काढायचं, असा मामला. वर्गात एक बासरीवाला आहे, एक भूगोलाचा मास्तर, दोन बँकवाले, आणि माझ्या शेजारी फार्मसीवाली. तिचं दुकान होतं औषधांचं. ती म्हणाली, “मी लोकांना गोळी कधी घ्यायची ते सांगायचे. आता मशीनला सांगणार.” आमचं लगेच जमलं.

शिकवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा लहान आहेत. पहिल्याच तासाला जे काही बोलल्या ते सगळं डोक्यावरून गेलं. फार्मसीवाली लिहून घेत होती म्हणून मीही लिहून घेतलं. नंतर कळलं, ती वाणसामानाची यादी करत होती.

२० ऑक्टोबर

पहिला प्रोग्राम तपासून आला. नापास. कुठल्याशा लूपला थांबायची अटच घातली नव्हती, तो आपला फिरतच राहिला. घरी आले तर बाबांनी चेहरा ओळखला.

“दाखव तरी.”

दाखवला. त्यांना त्यातलं काय कळणार? तरी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, “छान.”

बाबा चित्रकलेचे शिक्षक होते. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाला नापास केलं नाही. टेबलासारखा घोडा काढला तरी खाली लाल पेन्सिलीने ‘छान’. आई चिडवायची, की तुमच्या ‘छान’ला काडीची किंमत नाही, सगळ्यांनाच वाटता. मीही आज तेच म्हटलं, जरा जास्तच फणकाऱ्याने. ते हसले आणि दूध तापवायला उठले.

१० जानेवारी

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. पास होत होत इथवर आले. थांबायच्या अटी घालायला शिकले.

आता प्रकल्प. मॅडमनी विचारलं, “तुम्ही आधी काय करायचात?” सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. “मग त्यातच करा की. तुमच्यासारखी माणसं आम्हाला हवीच आहेत.” मला इतकं बरं वाटलं की जिना मी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरले.

कल्पना अशी: कानाचं मशीन माणसाकडूनच शिकेल. प्रोग्राम दर थोड्या दिवसांनी आवाज जरासा बदलून बघेल. आवडला तर फोनवर अंगठा वर दाबायचा, नाही आवडला तर अंगठा खाली. दवाखाना नको, बूथ नको, माझ्यासारखी बाईसुद्धा नको. आणि पहिला वापरणारा घरातच आहे.

२३ जानेवारी

बाबा तयार आहेत. तयार कसले, खूष आहेत. नवा शर्ट घातला आज, जणू फोटोच काढणार होते. मी त्यांना फोनवरचे दोन अंगठे दाखवले.

“हे कोण बघणार?”

“प्रोग्राम बघणार. आणि शेवटी सगळा हिशोब मॅडमकडे जाणार.”

“तुझ्या मॅडम? त्या तुला मार्क देणार?”

“हो बाबा.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले आणि हिरवा अंगठा दाबून बघितला. अजून मशीन जोडलंही नव्हतं.

१५ फेब्रुवारी

चालतंय! रोज संध्याकाळी बाबा न चुकता अंगठा दाबतात. एकही खाली नाही. मी मधे नियम घातला आहे, तो मला माझ्या जुन्या कामातून सुचला याचा अभिमान वाटतो: दोन आवाज सारखेच आवडले, तर त्यातला हळू ठेवायचा. उगाच मोठ्या आवाजाने उरलेला कान का शिणवा? शिवाय सेलही जास्त टिकतो. मॅडम म्हणाल्या, हा विचार फक्त कोडिंग शिकलेल्याला सुचला नसता.

पूर्वी रविवारी सकाळी मी बाबांचं मशीन पुसायचे, नळी साफ करायचे, समोर बसून चार गोष्टी बोलायचे. आता त्याची गरज उरली नाही. तेवढ्या वेळात अहवालाचं एक पान होतं.

८ मार्च

बाबांनी पत्त्यांच्या अड्ड्यावर जायचं बंद केलं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याच्या दुकानामागे चौघं-पाचजण बसतात, आई गेल्यावर त्या टोळक्यानेच त्यांना सावरलं. विचारलं तर म्हणाले, “तेच तेच बोलतात गं. म्हातारे झालेत सगळे.” एका अर्थी बरंच झालं, पोपट शाळेतून येते तेव्हा ते घरी असतात.

आणि किती समंजस! माझा अभ्यास चालू असतो म्हणून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून बघतात. मी म्हटलं, लावा हो थोडा, मला त्रास नाही. त्यांनी मान डोलावली, पण लावला नाही. असा बाप मिळायला नशीब लागतं.

२ एप्रिल

पोपटाने आज दुधावरची रिंग पळवली. ती तोंडासमोर धरून, जाड आवाज काढून राक्षसीण झाली होती. मी आतल्या खोलीत, माझ्या आलेखात बुडालेली. थोड्या वेळाने फुरंगटून आली.

“आई, आजोबा खेळत नाहीत. रिंग लावली की रुसतात. काही बोलतच नाहीत. काढली की परत बोलतात.”

“घाबरत असतील तुला.”

“आजोबा घाबरत नाहीत कुणाला,” ती म्हणाली आणि रिंग माझ्या टेबलावर आदळून गेली. मी ती परत पातेल्यावर नेऊन ठेवली. मुलांना कंटाळा आला की काहीतरी कारण लागतं.

११ मे

आलेख सुंदर आला आहे. आवाजाची रेघ हळूहळू खाली उतरते आणि समाधानाची रेघ वरच्या वर सरळ, जराही न हलता. मॅडम कितीतरी वेळ बघत राहिल्या. “म्हणजे आपण लोकांना गरजेपेक्षा जास्त आवाज देत होतो?” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तसं दिसतंय खरं. हे वाक्य अहवालात घालायचं ठरलं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन. म्हणाला, “बाबांना झालंय काय? फोन उचलला की लगेच पोपटाकडे देतात. रागावलेत का माझ्यावर?” मी म्हटलं, तुझं बोलणंच तसं कंटाळवाणं आहे. तो हसला, पण हसणं जरा कोरडं वाटलं.

१९ जून

अहवाल दिला. फार्मसीवालीने आणि मी कॅन्टीनमध्ये बसून मुलींसारखं दोन-दोन आइस्क्रीम खाल्लं. दिवस कसा गेला कळलंच नाही.

१४ जुलै

विशेष प्रावीण्य! आणि प्रकल्पाला वर्गात सगळ्यात जास्त मार्क. मॅडमनी एका कंपनीत नाव सुचवलं होतं, तिथून होकारही आला. कानाच्या मशीनचे प्रोग्राम करणारीच कंपनी. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं.

बाबांना सांगितलं, तर त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. किती तरी वेळ नुसते बघत होते. मग म्हणाले, “छान. खूप छान.” या वेळी मी फणकारले नाही. डोळे भरून आले माझे.

२२ जुलै

हे कसं लिहू?

फार्मसीवाली पेढ्यांचा पुडा घेऊन आली होती. सर्दीने बेजार, म्हणून मास्क लावलेला. मी चहा टाकायला आत गेले, ती बाबांजवळ बसली. निघताना जिन्यात थांबली आणि म्हणाली, “एक विचारू? तुझ्या बाबांचं माझ्याबद्दल काही वाईट मत आहे का?”

“वेडी आहेस का? का गं?”

“त्यांनी आईची चौकशी केली. मी म्हटलं, आई पडली काका, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणावर आहे. तर म्हणाले, छान, छान. हसून म्हणाले गं.”

मी हसायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. मास्क. तिला तिथेच सोडून मी वर आले, पातेल्यावरची रिंग उचलली आणि बाबांच्या समोर उभी राहिले. रिंग तोंडासमोर धरली. बूथमध्ये म्हणायचे त्याच आवाजात शब्द म्हटले. झाड. पाणी. खुर्ची. दार.

ते काळ्या कापडाकडे बघत होते. वाट बघत होते, मी आता काहीतरी बोलेन म्हणून. मग म्हणाले, “अगं, ते दुधावरचं आहे.”

मी त्यांच्या कानातून मशीन काढलं, जुन्या पिशवीतून तपासायची नळी शोधून ते ऐकलं. जवळजवळ काहीच वाढवत नव्हतं. कानात बूच घातल्यासारखं, बस. सगळेच आवाज सारखे आवडले, म्हणून माझ्या प्रोग्रामने प्रत्येक वेळी हळूच निवडला होता. त्याचं काहीच चुकलं नाही. मी सांगितलं तेच त्याने केलं.

रिंग खाली ठेवून, ओठ दिसतील असं बसून विचारलं, “बाबा, ऐकू येत नव्हतं तर अंगठा खाली का नाही दाबला?”

ते ओशाळले. लहान मूल पकडलं गेल्यावर ओशाळतं, तसे. “तूच म्हणालीस ना, सगळं तुझ्या मॅडमकडे जातं. मी खाली दाबलं असतं तर तुझे मार्क गेले नसते का?”

“पण तुम्हाला त्रास होत होता ना?”

“त्रास कसला? तू बोलतेस तेव्हा बघून कळतं की मला. पोपटाचंही कळतं, समोर बसली तर. ती फार हलते, तेवढंच.” मग म्हणाले, “अड्ड्यावर जरा जड जायचं. चौघं एकदम बोलतात. कुणाकुणाच्या तोंडाकडे बघू?”

२३ जुलै

मशीनचा आवाज जुन्या मापावर आणला. सकाळी बाबा दचकले, भांड्याच्या आवाजाने. मग पोपट बोलायला लागली आणि ते तिच्याकडे बघत राहिले, कपाळाला आठ्या घालून. आवाज येत होता, हे दिसत होतं. शब्द लागत नव्हते.

का ते मला माहीत आहे. मलाच तर माहीत असायला हवं होतं! कान फक्त आवाज घेतो, शब्द मेंदू ओळखतो. महिनोन्‌महिने शब्द पोचलेच नाहीत, तर मेंदू ते काम सोडून देतो, आणि मग आवाज परत दिला तरी सगळं परत येत नाही. किती लोकांना मी हे दमात घेऊन सांगितलं आहे. वडिलांचं मशीन कपाटात ठेवू नका, पस्तावाल. त्या लोकांनी निदान मशीन कपाटात ठेवलं होतं. मी ते कानात घालून बंद केलं, आणि त्यावर आलेख काढला.

बाईंचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं होतं. माणूस हो म्हणतो. ते वाक्य रिंगेबरोबर दुधावर ठेवून मी वर्षभर त्याच्या शेजारून चहा घेत होते.

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “अहवालाच्या शेवटी ‘मर्यादा’ म्हणून एक परिच्छेद घालू या.” त्यांचा दोष नाही. त्यांना कधी बाबांसमोर रिंग धरावी लागली नाही.

३० जुलै

डॉक्टरांना विनंती करून दवाखान्यातला बूथ मागून घेतला. ती नवी मुलगी तपासणार होती, मी म्हटलं, नको, माझे वडील आहेत, मीच करते.

आधी मशीन चढवून शब्द. मी बूथमध्ये बाबांच्या समोर बसले, रिंग धरली. गेल्या वर्षी हेच शब्द, हीच खुर्ची. या वेळी निम्मेसुद्धा आले नाहीत. न आलेल्या प्रत्येक शब्दाला ते काहीतरी म्हणून बघत होते, माझी पंचाईत होऊ नये म्हणून. काही शब्द मी पुन्हा म्हटले आणि त्यांनी आणखी दुसरंच सांगितलं, तरी माझ्या डोळ्यांकडे बघून मान डोलावली.

मग मशीन काढून शिट्ट्या. बाबा आत, कानावर हेडफोन, आणि मी काचेच्या बाहेर. बारीक शिट्टी ऐकू आली की त्यांनी हात वर करायचा. खरं तर पेशंटची खुर्ची आडवी फिरवून ठेवायची असते, आपले हात त्याला दिसू नयेत म्हणून. मी विसरले. वर्षात मी काय काय विसरले.

ते काचेतून माझ्याकडेच बघत होते. मी बटण दाबायचे, ते हात वर करायचे. मोठ्या शिट्टीला, लहान शिट्टीला, त्याहून लहान शिट्टीला. मला आशा वाटायला लागली. शिट्ट्या तरी शाबूत आहेत, म्हटलं, निदान कान तरी आहे. मी आवाज आणखी उतरवला. त्यांचा हात वर.

मग मला एकदम रडू आलं. आनंदानेच आलं असावं. डोळे पुसायला मी हात बटणावरून काढला.

बाबांनी हात वर केला.

मी बटण दाबलंच नव्हतं. माझा हात हलला होता, एवढंच त्यांनी पाहिलं. हसत होते ते, शाळेत पहिल्या बाकावरचा मुलगा हसतो तसे, हात चांगला उंच धरून.

मी परत बटणाला हात लावला नाही. दार उघडून आत गेले, समोर बसले. रिंग मांडीवर होती.

“झालं एवढ्यात?” ते म्हणाले. “पास ना गं मी?”

किती तरी गोष्टी सांगता आल्या असत्या. सोमवारपासून तुम्ही अड्ड्यावर चला, मी त्या चौघांना सांगते, एकेकाने बोला म्हणून. मी चुकले. मी तुमच्याशी बोलायचं सोडलं आणि तुमच्या अंगठ्याशी बोलत बसले. हे सगळं घरी जाऊन सांगायचं आहे, सावकाश, समोर बसून, पुन्हा पुन्हा.

तिथे मात्र मी रिंग बाजूला ठेवली, त्यांना ओठ नीट दिसतील एवढी पुढे झुकले आणि म्हटलं, “छान.”